किल्ली परत देताना

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

२०२३ सालच्या एप्रिल महिन्याची नऊ तारीख. रविवार होता. दुपारचा चहा नुकताच झाला होता आणि दाराची बेल वाजली. बाहेर आमचे कोथरूडच्या फ्लॅटमधले भाडेकरू उभे. नवरा, बायको आणि पहिलीतला मुलगा. भाडं दर महिन्याला बँकेत परस्पर जमा व्हायचं, त्यामुळे पाच महिन्यांत ते आमच्याकडे कधी आले नव्हते. भाडेकरू सहकुटुंब घरी आला की घरमालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गळक्या नळाचा. मी म्हटलं, "बाथरूमचं काही काम निघालं का?"

"नाही काका. घर सोडायचं म्हणतोय."

त्यांच्या वडिलांना बार्शीला अर्धांगवायूचा झटका आला होता. आई आधीच गेलेली. दुसरं भावंड नाही. महिनाभर ते दर शुक्रवारी रात्री एसटीने जात होते आणि सोमवारी पहाटे परत येत होते. कंपनीने घरून काम करायला नकार दिला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडायची ठरवली. तिकडे मामांच्या आडत दुकानात हिशेब लिहायचं काम मिळणार होतं. पगार इथल्या निम्मा. हे सगळं त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून, एका दमात सांगितलं. मग म्हणाले, "करारात बारा महिन्यांचं लॉक-इन आहे, मला माहीत आहे. पण काका, डिपॉझिटचं काही करता आलं तर बघा. दवाखान्याचं बिल द्यायचं आहे."

आता इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. त्यांच्या वडिलांचं ऐकून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच क्षणी पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या पन्नास हजार डिपॉझिटमधले अडतीस हजार माझ्याकडे नव्हतेच. जानेवारीत त्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं होतं, सोसायटीने प्रत्येक सभासदाकडून वर्गणी घेतली होती, आणि मी ती डिपॉझिटमधून भरली होती. करार बावीस महिन्यांचा. तोवर जमवू, असा हिशेब. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात असे हिशेब होतात. माझ्यासारखे घरमालक पुष्कळ आहेत, असा माझा अंदाज आहे. फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "बघतो." ते गेल्यावर कपाटातून करार काढला. पाच महिन्यांपूर्वी मी त्यावर अंगठा लावला होता. एजंटाने लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घरी आणलं होतं, दहा मिनिटांत सगळं आटोपलं होतं, आणि मी वाचली होती ती फक्त भाड्याची रक्कम. आता चष्मा लावून वाचायला बसलो. कलम असं होतं, की पहिले बारा महिने कोणाही पक्षाला करार संपवता येणार नाही, आणि परवानाधारकाने घर आधी सोडल्यास उरलेल्या लॉक-इन काळाचं संपूर्ण भाडं त्याच्याकडे निघेल. भाडं दरमहा चौदा हजार. करार १ नोव्हेंबर २०२२ चा. महिन्याची सूचना धरली तर ८ मेपर्यंतचं भाडं ते देणारच होते. ९ मेपासून ३१ ऑक्टोबरपर्यंतचा हिशेब मांडला. ऐंशी हजारांवर गेला. म्हणजे डिपॉझिट परत करणं राहिलं बाजूला, तेच मला तीस हजार देणं लागत होते!

खोटं कशाला बोलू, क्षणभर हायसं वाटलं.

आमच्या हिने चहाच्या कपबशा उचलता उचलता विचारलं, "काय निघालं त्यात?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सासऱ्यांच्या दवाखान्याचे पैसे आपल्या गच्चीवर ओतायचे?" आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो. चाळीस वर्षं दिवाणी वकिली केलेले. त्यांच्याशी झालेलं बोलणं आज सांगायचं मुख्य कारण असं, की भाड्याच्या घरांत राहणारे आणि घरं भाड्याने देणारे दोघेही ज्या समजुतींवर भांडतात, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या असतात. माझ्याही होत्या.

मी सुरुवात केली, "माझा भाडेकरू..."

"तो तुझा भाडेकरू नाही," ते म्हणाले. "तो परवानाधारक आहे. घराचा ताबा आणि हक्क तुझाच. तू त्याला वापरायची परवानगी दिली आहेस. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे एवढंच."

ही भानगड मुळात आली कुठून, तेही त्यांनी सांगितलं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला इतकं संरक्षण दिलं, की एकदा घर भाड्याने गेलं ते गेलंच, अशी मालकांची धास्ती. मग परवान्याची पळवाट निघाली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे चालू परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरू मानलं गेलं. ज्यांनी तो काळ पाहिला, ते मालक त्यानंतर घरं कुलूप लावून ठेवत. भाडं नको पण ताप नको. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने मालकाला दिलासा दिला. मुदत संपूनही परवानाधारक हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि ती टाळली तर दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद ठेवली. "मालक पळ काढतात नोंदणीचा खर्च वाचवायला," ते म्हणाले, "आणि उद्या भांडण झालं की भाडं किती नि अटी काय, हे भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करत बसा."

मी म्हटलं, "हे सगळं न जाणाऱ्याबद्दल झालं. हा तर जायचं म्हणतोय."

ते हसले. "तीच तर गंमत आहे. पाऊणशे वर्षं आपण घर न सोडणाऱ्या माणसाचा विचार करत आलो. वेळेआधी सोडू पाहणाऱ्याची सोय भाड्याच्या कायद्यात नाही. ती तुमच्या करारावर सोडलेली आहे. आणि करार लिहितो एजंट, कुणा दुसऱ्याच्या करारावरून."

लॉक-इन हा शब्द मला नेहमी ऑफिसांच्या करारांतून घरात शिरल्यासारखा वाटतो. एखादी कंपनी चार हजार चौरस फूट जागा घेते, मालक तिच्यासाठी वातानुकूलन, केबिनी, विजेचा जादा भार असा खर्च करतो, तेव्हा तीन वर्षं हलू नका ही अट समजते. आमच्या फ्लॅटमध्ये मी पाच महिन्यांपूर्वी केलं काय होतं? स्वयंपाकघरातली एक टाइल बदलली होती.

मग त्यांनी मला करारांच्या कायद्याकडे नेलं. १८७२ चा कायदा, दीडशे वर्षांचा म्हातारा. त्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं लिहिलेलं असलं, तरी ती रक्कम म्हणजे कमाल मर्यादा. तिच्या आत, वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा एक निकाल त्यांना तोंडपाठ होता, फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास. दिल्लीतल्या एका घराच्या विक्रीचा व्यवहार फिसकटला होता. विकणाऱ्याने पंचवीस हजार रुपये जप्त करायचे ठरवले होते. न्यायालयाने त्याला इसाऱ्याचे एक हजार ठेवू दिले. बाकीचे चोवीस हजार ही वाजवी भरपाई आहे, असं त्याला दाखवता आलं नव्हतं. आणि त्याच कायद्याच्या कलम ७३ खाली एक स्पष्टीकरण आहे. नुकसान मोजताना, ते टाळायला तुमच्या हाती काय उपाय होते, हेही बघायचं. म्हणजे घर रिकामं ठेवून, दाराला कुलूप लावून, सहा महिने भाड्याचं मीटर चालू ठेवायचं, हे कोर्टात टिकणं अवघड.

"मग त्याला काहीच द्यावं लागणार नाही?" मी विचारलं. हा प्रश्न मी निराशेने विचारला, की सुटकेने, ते मला आजही सांगता येणार नाही.

"कोण म्हणालं? त्याचंही ऐकून घे," असं म्हणून त्यांनी दुसरी बाजू सांगितली. आपली अडचण खरी आहे, दैवाने आलेली आहे, म्हणून करार आपोआप संपला, अशी पुष्कळांची समजूत असते. त्यासाठी कलम ५६ चा हवाला देतात. करार पार पाडणं अशक्य झालं तर तो रद्द होतो, असं ते कलम. पण अवघड होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. एका माणसाने १९४७ च्या खरिपासाठी आणि पुढच्या रब्बीसाठी पंजाबात शेतजमीन पट्ट्याने घेतली. पैसे भरले, ताबा घेतला, आणि फाळणी झाली. जमीन पाकिस्तानात गेली. त्याने पैसे परत मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६८ साली निकाल लागला, की पट्टा एकदा पुरा झाला की त्याला कलम ५६ लागू होत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. आपला करार पट्टा नसून परवाना आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे लागत नाही. पण फाळणीने जिथे भाडं माफ झालं नाही, तिथे बदलीने किंवा आजारपणाने आपोआप होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

२०२० सालची टाळेबंदी आठवा. त्या वर्षी १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितलं, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि त्या काळात थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढू नका. पुष्कळांनी ऐकलं ते 'तीन महिने भाडं माफ'. पुढे ढकलणं आणि माफ करणं यांतला फरक मग जुलैत कळला आणि मोठाली भांडणं झाली.

निघताना वकीलसाहेब म्हणाले, "कलमं विसर. घर किती दिवस रिकामं राहील, ते सांग. तेवढंच तुझं नुकसान."

संध्याकाळी त्या गृहस्थांना बोलावलं. आमच्या हिच्या समोरच बोलणं झालं, ते बरं झालं. ठरलं असं, की त्यांनी त्या दिवशीची तारीख घालून लेखी सूचना द्यायची. ८ मेपर्यंतचं भाडं त्यांचं. पुढे घर जितके दिवस रिकामं राहील तितक्या दिवसांचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं, पण तीस दिवसांच्या वर नाही. नवीन माणूस आम्ही दोघांनी शोधायचा. त्यांनी ऑफिसात विचारलं, मी सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावली. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. जाणाऱ्याने आपल्या ओळखीच्या माणसाला परस्पर किल्ली देऊन चालत नाही. परवाना त्याच्या एकट्याचा असतो, तो पुढे देता येत नाही. नवीन माणसाशी मालकाचा नवा करार, नवी नोंदणी आणि पोलिसांकडे नवी माहिती, हे सगळं पुन्हा व्हावं लागतं. आमच्या नव्या कराराला मुद्रांक आणि नोंदणी मिळून साधारण अठराशे रुपये लागले. तेही खरं तर नुकसानीत धरता आले असते. ते मी सोडले.

किल्लीचं म्हणाल तर माझ्या भाचीचं उदाहरण आहे. २०२१ मध्ये तिने ठाण्यातलं घर मुदतीआधी सोडलं. मालक परगावी. तिने मोबाइलवर 'आम्ही या महिन्यात निघतोय' एवढा निरोप पाठवला, सामान हलवलं, किल्ली वॉचमनकडे दिली. मालक दोन महिन्यांनी आले आणि म्हणाले, मला ताबा आज मिळाला. साठ हजार डिपॉझिटमधले छत्तीस हजार कापले. भाचीकडे तारखेचा पुरावा काय? वॉचमनसुद्धा तोवर बदलला होता. एक साधा कागद असता, अमुक तारखेला किल्ल्या मिळाल्या, मीटरचा आकडा इतका, पंखे इतके, सही, तर तिचे ते पैसे कदाचित वाचले असते. करार नोंदवलेला असेल तर तो संपल्याचंही दोघांच्या सहीने लिहून ठेवावं. नाहीतर कागदोपत्री तुम्ही त्या घरात राहतच असता आणि मालकालाही नव्या नोंदणीच्या वेळी अडचण येऊ शकते.

आमच्याकडे २ मेला टेम्पो लागला. मी वही घेऊन गेलो. मीटरचा आकडा लिहिला, भिंतींचे फोटो काढले. रंग थोडा उतरला होता, पलंगामागे मुलाने पेन्सिलने रेल्वे काढली होती. वापराने होणारी झीज आणि मोडतोड यांत मी फरक करतो. रेल्वे मी झिजेत धरली. मग मी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. पंचवीस हजार आज देतो. बाकीचे नव्या माणसाचं डिपॉझिट आलं की. गच्चीचं सांगितलं. ते एकदम काही बोलले नाहीत. मग "चालेल काका," म्हणाले.

नवीन कुटुंब २८ मेला आलं. ९ ते २७ मे, एकोणीस दिवस घर रिकामं राहिलं. एकोणीस दिवसांचे होतात आठ हजार आठशे सदुसष्ट. मी साडेआठ हजार कापले. तेही सोडले असते, तर आज इथे सांगायला बरं वाटलं असतं. पण नाही सोडले. विजेचं बिल अकराशे चाळीस. उरलेले पंधरा हजार तीनशे साठ त्याच दुपारी त्यांच्या खात्यात पाठवले. कराराप्रमाणे ऐंशी हजार आणि प्रत्यक्षात साडेआठ हजार. कागदावरचा आकडा आणि झालेलं नुकसान यांत एवढं अंतर होतं.

पैसे पोचल्याचा फोन त्यांच्या पत्नीने केला. आमच्या हिच्याशी बोलताना ती सहज बोलून गेली, की बरं झालं, आता पाटल्या सोडवून आणता येतील. २ मे ते २८ मे, त्या सव्वीस दिवसांसाठी दवाखान्याचं बिल भागवायला तिने पाटल्या गहाण टाकल्या होत्या. त्या सव्वीस दिवसांना लॉक-इन कारण नव्हतं, करार कारण नव्हता, मीच कारण होतो. डिपॉझिट या शब्दाला आपल्याकडे अनामत असा चांगला शब्द आहे. दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू. मी तिचं वॉटरप्रूफिंग केलं होतं.

केंद्र सरकारने २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं, असं म्हटलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण मला ही मर्यादा पटली. नव्या करारात मी अठ्ठावीस हजारच घेतले आणि ते त्याच आठवड्यात मुदत ठेवीत टाकले. पावती कराराच्याच पाकिटात ठेवली. जुन्यांचे पंधरा हजार त्यातून देऊन बाकी भरायला माझं जूनचं निवृत्तिवेतन लागलं. महिना ओढाताणीत गेला.

एजंटाला म्हटलं, या वेळी लॉक-इनचं कलम मी सांगतो तसं लिही. नोकरी गेली, बदली झाली किंवा घरात गंभीर आजारपण आलं, तर महिन्याच्या लेखी सूचनेने परवानाधारक घर सोडू शकेल. त्यानंतर घर रिकामं राहिल्यास तितक्याच दिवसांचं भाडं, जास्तीत जास्त तीस दिवस. अनामत किल्ली मिळेल त्याच दिवशी परत. एजंट म्हणाला, "काका, असं कुणी लिहीत नाही. उद्या कुणीही आजारपणाचं कारण सांगेल." मी म्हटलं, "सांगू दे. महिना पुरतो मला नवीन माणूस शोधायला." तो मान हलवत टाइप करत राहिला. नव्या भाडेकरूंनी मात्र ते कलम न वाचताच अंगठा लावायला हात पुढे केला. मी त्यांचा हात धरून थांबवला आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

जुलैत बार्शीहून एक पाकीट आलं. आत एक किल्ली आणि चिठ्ठी. तीन किल्ल्या दिल्या होत्या, मी ताब्याच्या कागदावर दोनच मिळाल्याचं लिहिलं होतं. तिसरी मुलाच्या कंपासपेटीत सापडली होती. वडील काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात, असंही खाली लिहिलं होतं. ती किल्ली मी नव्या भाडेकरूंना नेऊन दिली आणि त्यांच्या कागदावर दोनचे तीन केले.